इंग्लंडातील खेड्याचे बिअरघर आणि लोहारशाळा

(आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



चिटणीसांनी मजकडे व्याख्यान मागितले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, एका निवृत्त शाळामास्तराने मुलामुलींचे शिक्षण किंवा लग्नातील खर्चाची काटछाट अशा एखाद्या नेहमीच्या विषयावर चार हिताचे शब्द सांगावेत. मी विषय कळविला तेव्हा ते थोडे चपापले. “मास्तर, सभेला बायकामुले असतात, तेथे बिअरचा विषय कशाला?” असे ते म्हणाले. मी उत्तरलो, “असतात म्हणूनच.” त्यांनी मोठ्या मनाने संमती दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

मी काही इतिहास-संशोधक नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि त्यावर शिक्षकाची सनद, एवढीच माझी विद्या. इंग्रजी तर्खडकरी वळणाचे. परंतु माझी कन्या संसारानिमित्त इंग्लंडात असते. तिच्याकडे दोन वेळा राहण्याचा योग आला, आणि तेथील गावोगावच्या वाचनालयांत वेळ घालविण्यास मज मुभा मिळाली. खेड्यांतून हिंडताना पानगृहांच्या पाट्या पाहून मी चकित झालो. कोठे ‘तीन नाल’, कोठे ‘लोहाराचे मानचिन्ह’. दारू विकणाऱ्या घरावर आपल्या धंद्याची खूण का, हा प्रश्न लोहाराच्या पोटी जन्मलेल्यास पडणारच. त्याचा शोध घेताना जे हाती लागले ते आपणापुढे ठेवीत आहे.

प्रथम बिअरघर म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. इंग्लंडात मद्य विकणाऱ्या घरांस मॅजिस्ट्रेटांचा परवाना घेण्याची पद्धत इ. स. १५५२ पासूनची. हे मॅजिस्ट्रेट म्हणजे बहुधा त्याच मुलखातील जमीनदार किंवा धर्मगुरू. त्यांच्या मर्जीविना कोणास पानगृह उघडता येत नसे, आणि उघडलेली पानगृहे हळूहळू मोठ्या बिअर-कारखानदारांच्या मुठीत गेली होती. दुसरीकडे गरीब लोक जिन नावाच्या कडक दारूच्या नादी लागले होते. चित्रकार होगार्थ याने इ. स. १७५१ मध्ये दोन चित्रे काढली: एक ‘जिनची गल्ली’, एक ‘बिअरची पेठ’. पहिलीत आईच्या हातून मूल निसटून पडते आहे आणि घरे कोसळत आहेत. दुसरीत माणसे गुटगुटीत, कामसू आणि आनंदी आहेत. आपणास नवल वाटेल, परंतु त्या काळचे सभ्य इंग्रज बिअरला दारू समजतच नसत. ते तिला अन्नाचाच एक प्रकार मानीत. इ. स. १८२५ मध्ये कडक दारूवरील कर उतरविल्यावर जिनचा खप पुन्हा वाढला. तेव्हा गरिबाला जिनपासून सोडवावयाचे, तर त्याला बिअर स्वस्त आणि घराजवळ मिळावी, असा विचार बळावला.

हा विचार ज्याच्या मंत्रिमंडळाने कायद्यात उतरविला तो पंतप्रधान आपल्या ओळखीचा आहे. ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, ज्याने इ. स. १८०३ च्या ऑगस्टात अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. त्या मोहिमेत त्याची भिस्त बैलांच्या तांड्यावर होती, आणि ज्या मुलखातून तो तांडा गेला तेथील वाटांवर आपल्या पूर्वजांच्या भट्ट्या होत्या. त्याच गृहस्थाने सत्तावीस वर्षांनी इंग्लंडातील लोहाराच्या घरात बिअरचे पीप आणून ठेवावे, हा इतिहासाचा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो. असो.

हा कायदा इ. स. १८३० चा. १० ऑक्टोबरपासून तो लागू झाला. त्याअन्वये गावातील कोणाही करदात्या गृहस्थाने अबकारी खात्यात दोन गिनी, म्हणजे बेचाळीस शिलिंग, भरावे आणि आपल्या राहत्या घरात बिअर गाळून विकावी. मॅजिस्ट्रेटच्या दारी जाण्याचे कारण नाही. अट एकच: बिअर आणि सफरचंदाची साइडर विकावी, जिन, ब्रँडी वगैरे विकू नये. पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत घर उघडे ठेवता येई. बिअरवरील कर त्याच वेळी रद्द झाला. मोड आणलेल्या जवावरचा आणि हॉपवरचा कर मात्र राहिला. दक्षिण इंग्लंडातील शेतमजुराला तेव्हा आठवड्याला आठ-दहा शिलिंग मिळत. म्हणजे परवान्याची रक्कम मजुराच्या आवाक्याबाहेर, पण हातात कसब असणाऱ्या कारागिराच्या अगदी आवाक्यात होती. पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे २४ हजार परवाने गेले, आणि इ. स. १८३८ पर्यंत बिअरघरांची संख्या ४६ हजारांच्या आसपास पोहोचली. लोकांनी त्यांना ‘टॉम अँड जेरीचे दुकान’ असे टोपणनाव दिले. बालमंडळींनी हसू नये. ते मांजर आणि उंदीर फार नंतरचे. हे टॉम आणि जेरी म्हणजे इ. स. १८२१ च्या एका गाजलेल्या पुस्तकातील दोन छंदीफंदी तरुण होते.

आता मूळ प्रश्न. हे परवाने घेणारे लोक कोण? मी जुन्या व्यापारी निर्देशिका चाळल्या. त्या काळी इंग्लंडात प्रत्येक परगण्याची अशी निर्देशिका निघे, आणि तीत गावागणिक जमीनदार, पाद्री, शेतकरी आणि कारागीर यांची नावे छापलेली असत. त्यांत पुन्हा पुन्हा एकच जोडी दिसते: ‘लोहार आणि बिअर-विक्रेता’. सुतार, चाके करणारे, खाटीक असेही आहेत. पण लोहार विशेष. ह्याची कारणे भट्टीजवळ बसलेल्या माणसास सांगावयास नकोत, तरी नव्या पिढीसाठी सांगतो.

पहिले कारण उघड आहे. घोड्याला नाल मारणे हे घटकाभराचे काम नव्हे. जुनी नाल काढावयाची, वाढलेला खूर कापून सारखा करावयाचा, नवी नाल तापवून खुरावर टेकवावयाची, धूर निघाला की तो डाग पाहून नाल ऐरणीवर पुन्हा दुरुस्त करावयाची, आणि मग खिळे ठोकावयाचे. रूढीने बाहेरच्या बाजूस चार आणि आतल्या बाजूस तीन. अशा चार खुरांना तास-दीड तास सहज लागे, आणि सुमारे सहा आठवड्यांनी पुन्हा तेच. तोवर गाडीवानाने काय करावे? तो बसणार, घाम पुसणार आणि पाणी मागणार. आपल्याकडे लोहारशाळेच्या कट्ट्यावर चिलीम फिरे आणि गावच्या बातम्यांची देवघेव होई. तिकडे कायद्याने पाण्याच्या ऐवजी बिअर विकण्याची सोय करून दिली.

दुसरे कारण अधिक खोल आहे, आणि माझ्या मते तेच खरे. लोहाराचा धंदा तेथेही उधारीचा होता. आपल्याकडे बलुते, वर्षभर फाळ शेवटून द्यावयाचा, विळे-खुरपी पाजवावयाची, आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याच्या पेंढ्या घ्यावयाच्या. इंग्लंडात बलुते नव्हते, रोख पैसाच होता. पण शेतकरी लोहाराचे खाते वर्षाने किंवा सहामाहीने चुकवी. म्हणजे पैसा होता, पण हातात नव्हता. लोखंड आणि कोळसा मात्र लोहाराला आधी आणावा लागे. अशा घरात रोजच्या रोज चार पेनी देणारा कोणताही जोडधंदा म्हणजे आधारच. भट्टी वर्षाअखेर पैसा देई, बिअर संध्याकाळी देई. ज्यांनी आपल्या आजीला लोहारकीच्या जोडीला कोंबड्या आणि एक दुभती म्हैस सांभाळताना पाहिले असेल, त्यांना हे गणित चटकन कळेल.

आणि हे पीप सांभाळी कोण? घरधनीण. लोहार तर भात्यापाशी. बहुतेक बिअरघर म्हणजे घराचीच पुढची किंवा स्वयंपाकाची खोली. दोन बाकडी, एक मेज, चुलीत जाळ. कित्येकांना नाव नव्हते, पाटीही धड नव्हती. प्रारंभी बऱ्याच घरांत बिअरही घरीच होई. जव भिजवून मोड आणलेले आणि भट्टीत वाळविलेले धान्य विकत आणावयाचे, भरडून ऊन पाण्यात भिजवावयाचे, त्याचा गोड रस काढून तांब्याच्या हंड्यात हॉपच्या फुलांबरोबर उकळावयाचा, निववून त्यात किण्व टाकावयाचे आणि पिपात भरावयाचे. मुलेबाळे सांभाळून हे सारे करणारी ती बाई; परवान्यावर मात्र नवऱ्याचे नाव. नवरा मेला की तिचे नाव कागदावर येई, आणि मग पगारी कारागीर ठेवून भट्टी चालविणाऱ्या विधवाही त्या निर्देशिकांत आढळतात. ऑक्सफर्ड परगण्यातील फ्रिंगफर्ड गावी तर इ. स. १८९१ च्या सुमारास एकच बाई टपालकचेरी आणि लोहारशाळा दोन्ही चालवीत होती. तिच्या हाताखाली काम करणारी एक मुलगी, फ्लोरा टॉम्पसन, पुढे मोठी लेखिका झाली, म्हणून ही गोष्ट आपणास कळते.

लोहार-सुतारांचा संबंध तिकडेही आपल्यासारखाच. चाकाला धाव चढविण्याचा प्रसंग म्हणजे उत्सवच. लोखंडी धाव गोल जाळात लाल करावयाची, तिघाचौघांनी सांडशांनी उचलून लाकडी चाकावर बसवावयाची, ठोकावयाची आणि लाकूड पेट घेते न घेते तोच पाणी ओतावयाचे. धाव आकसते आणि चाकाचा सांधा न् सांधा करकरून आवळला जातो. मी लहानपणी आमच्या परसात पाहिलेले हे दृश्य तेथील एका जुन्या छायाचित्रात जसेच्या तसे दिसले. फरक एवढाच की तेथल्यांच्या डोक्याला टोप्या वेगळ्या. ससेक्स परगण्यात नांगराला बैल जुंपीत, आणि त्या बैलांना आपल्यासारख्याच पत्र्या ठोकीत. खूर दुभंगलेला म्हणून पायाला दोन, बैलाला आठ. आणि तेही बैलाला आडवा पाडूनच!

ह्या नव्या घरांचे स्वागत मात्र सर्वांनी केले नाही. इ. स. १८३० च्या ऑगस्टअखेर केंट परगण्यात शेतमजुरांचा उठाव सुरू झाला. मळणीयंत्रांनी हिवाळ्यातील काम हिरावून घेतले, म्हणून जमावांनी ती यंत्रे फोडण्यास आरंभ केला. हा उठाव दक्षिणेत पसरत असतानाच बिअरघरे उघडू लागली. जमीनदारांनी लगेच निष्कर्ष काढला की, बंडाचे मूळ बिअरघरात आहे. खरे कारण उपासमार हेच होते. उठाव तर कायदा लागू होण्याच्या आधीच पेटला होता. परंतु पानगृहाचा मालक मॅजिस्ट्रेटच्या मुठीत असे, त्यामुळे तेथे कोण काय बोलतो हे वाड्यावर कळे. बिअरघरात ती सोय नव्हती. लोहाराच्या घरी मजूर जमतात, आणि यंत्र फोडावयास लागणारा घणही तेथेच असतो, ह्या दोन गोष्टी एकत्र आल्यावर भीती वाटणे स्वाभाविकच. उठाव मोडून काढण्यात आला. १९ जणांना फाशी झाली आणि सुमारे ४८० जणांना काळ्या पाण्यावर ऑस्ट्रेलियास पाठविण्यात आले. शिक्षा झालेल्यांत मजुरांबरोबर लोहारासारखे कारागीरही होते.

पुढे बंधने आली. इ. स. १८३४ मध्ये घरात बसून पिण्याचा परवाना तीन गिनींचा झाला, आणि सहा करदात्यांचे सद्वर्तनाचे प्रमाणपत्र लागू लागले. इ. स. १८४० मध्ये परवानेदार त्याच घरात राहणारा असला पाहिजे आणि खेड्यातील त्या घराचे वार्षिक मूल्य निदान आठ पौंड असले पाहिजे, असे ठरले. लहान झोपडीवाला गळाला. लोहार टिकला, कारण त्याच्या घराला भट्टीची जोड होती.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण आपल्यातील तरुणांना ते आवडेल. लोहाराचा मान तिकडे एका वेगळ्याच प्रकारे वाढला. इंग्लंडात इ. स. १७५४ पासून एकवीस वर्षांखालील वधूवरांच्या लग्नाला आईबापांची संमती आवश्यक झाली. स्कॉटलंडात मात्र दोन साक्षीदारांसमोर ‘आम्ही पतिपत्नी आहोत’ एवढे म्हटले की लग्न पुरे. मग पळून आलेली जोडपी सरहद्द ओलांडून पहिल्याच गावी, ग्रेटना ग्रीन येथे थांबू लागली, आणि तेथील लोहारशाळेत ऐरणीवर हातोडा मारून लग्ने लागू लागली. इ. स. १८५६ मध्ये एकवीस दिवस राहण्याची अट घातली गेली आणि इ. स. १९४० मध्ये असे ऐरणीवरचे लग्न कायद्याने बंद झाले. दोन धातू तापवून एकजीव करणाऱ्याने दोन माणसे एकजीव करावीत, ह्यात औचित्य आहे. परंतु आमच्या वधूवर-सूचक समितीने त्याचे अनुकरण करू नये!

त्यांच्याही धंद्याला दैवत आहे. २३ नोव्हेंबर हा संत क्लेमेंटचा दिवस. तो लोहारांचा रक्षक. त्या दिवशी ऐरणीच्या भोकात बंदुकीची दारू भरून बार उडवीत आणि मग सारे लोहार मिरवीत पानगृहात जात. आपण खंडेनवमीला ऐरण, हातोडा आणि सांडशी धुऊन, हळदकुंकू वाहून त्या दिवशी भट्टी थंड ठेवतो. पूजेचा भाव एकच. लंडनच्या जुन्या लोहार-संघाचे ब्रीदवाक्य तर असे आहे की, हातोडा आणि हात यांच्याच बळावर सर्व कला उभ्या आहेत. हे वाक्य आपल्या मंडळाच्या कार्यालयात लावण्यासारखे आहे असे मी कार्यकारिणीस सुचवितो.

आता कथेचा दुःखद भाग. मिळकत दोन वाटांनी येऊ लागली, तसा घराला धोकाही दोन वाटांनी येऊ लागला.

एक वाट उघडच होती. जो विकतो तो पितोही. दिवसभर जाळाशी बसणाऱ्याला तहान लागते, आणि पीप हाताशी. शिवाय गिऱ्हाईकाची मजुरी तेथेच संपते. कित्येक मालक मजुरांचा आठवड्याचा पगारच पानगृहात वाटीत. म्हणजे पैसा एका हाताने द्यावयाचा आणि दुसऱ्याने काढून घ्यावयाचा. हा प्रकार पार्लमेंटला इ. स. १८८३ मध्ये कायदा करून थांबवावा लागला. बिअर हे निरुपद्रवी अन्न, ही समजूत तोवर पार उडाली होती. लँकेशायरमधील प्रेस्टन गावी जोसेफ लाइव्हसी आणि त्याचे सोबती यांनी इ. स. १८३२ मध्येच, कायद्याला दोन वर्षे होतात न होतात तोच, बिअरसह सर्व मद्य वर्ज्य करण्याची शपथ घेतली होती. ह्या लाइव्हसीने लहानपणी हातमागावर विणकाम केलेले. गरिबाच्या घरात काय चालते हे त्याला वेलिंग्टनपेक्षा अधिक ठाऊक होते.

दुसरी वाट कर्जाची, आणि ती चोरपावलांनी आली. घरी बिअर गाळणे कष्टाचे; कारखान्याची बिअर तयार, एकजात आणि उधारीवर मिळणारी. बर्टनसारख्या गावांत प्रचंड कारखाने उभे राहिले. तेथील फिकट बिअर तर गलबतांनी आपल्या मुंबई-कलकत्त्यापर्यंत येई. इ. स. १८६९ मध्ये नव्या बिअरघरांचा परवाना पुन्हा मॅजिस्ट्रेटांच्या हाती गेला, आणि जुन्या घरांना मात्र संरक्षण मिळाले; ठराविक चार कारणांवाचून त्यांचा परवाना नाकारता येईना. परिणाम काय झाला पाहा. लोहाराच्या साध्या घराला त्या कागदामुळे एकाएकी किंमत आली. नवा परवाना मिळत नाही, म्हणून कारखानदार जुनी घरे मिळवू लागले. कोणाला पिपे उधार, कोणाला घरदुरुस्तीला कर्ज. फेड झाली नाही की घर कारखान्याचे, आणि लोहार स्वतःच्याच बापाच्या घरात भाडेकरू. बिअर त्याच कारखान्याची विकावयाची, ही बंधनाची अट. त्या घराला लागून असलेली भट्टीही अर्थातच त्यांच्याच मालकीची झाली. ज्या कायद्याने लहान माणसाला मॅजिस्ट्रेटच्या आणि कारखानदाराच्या तावडीतून सोडविण्याचे योजिले होते, त्याच कायद्याचा कागद त्याच्या घराला दोरी लावून गेला.

पुढे इ. स. १९०४ च्या कायद्याने गरजेहून अधिक पानगृहे भरपाई देऊन बंद करावयाचे ठरले, तेव्हा सर्वप्रथम नजर गेली ती ह्या लहान बिअरघरांवर. भरपाई कोणाला? मुख्य वाटा मालकाला, म्हणजे बहुधा कारखान्याला. घर चालविणाऱ्याच्या पदरी थोडेसेच. शंभर वर्षांमागची ही हकीकत मी वाचनालयात वाचीत होतो तेव्हा मला आमच्या चुलत्यांची दोन मणांची ऐरण आठवत होती. बलुते बंद पडल्यावर त्यांच्या हाती रोख पैसा यावयास लागला आणि त्याबरोबर गुत्त्याची वाटही. एका पावसाळ्यात ती ऐरण भंगारवाल्याच्या काट्यावर गेली. चुलतीने ती सोडविण्यासाठी गळ्यातले मणी मोडले. पण तोवर ऐरण पुढच्या गावी गेली होती. अशा गोष्टी ह्या सभागृहातील किती घरांत घडल्या असतील, हे मी विचारीत नाही. ज्यांच्या घडल्या त्यांना माहीत आहे, आणि त्या बहुधा भगिनीवर्गात बसल्या आहेत.

भट्टीची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्या परिचयाची आहे. इ. स. १८५१ च्या जनगणनेत ग्रेट ब्रिटनमध्ये एक लाखाहून अधिक लोहार होते. मग कारखान्यात तयार नाला मिळू लागल्या, ओतीव लोखंडाचे नांगर आले. इ. स. १९१४ च्या महायुद्धाच्या आरंभीच सैन्याने लाखाहून अधिक घोडे गावांतून उचलून नेले, इ. स. १९१७ मध्ये अमेरिकेहून ट्रॅक्टर येऊ लागले. घोडा गेला, तशी भट्टी विझत गेली. परंतु तेथील सरकारने एक चांगली गोष्ट केली. ग्रामोद्योगांसाठी इ. स. १९२१ मध्ये एक संस्था काढली आणि तिच्या फिरत्या शिक्षकांनी खेड्यातील लोहाराला वेल्डिंग शिकविले, यंत्रदुरुस्ती शिकविली, फाटकांची आणि कठड्यांची नक्षीदार कामे मिळविण्यास मदत केली. पुष्कळ जण तरले. इ. स. १९७५ च्या कायद्याने तर नोंदणीकृत माणसाखेरीज कोणी घोड्याला नाल मारू नये असे ठरले; ज्या विद्येला कोणी विद्या म्हणत नव्हते, तिला परीक्षा आणि प्रमाणपत्र आले. आपल्याकडे बैल गेले आणि ट्रॅक्टर आले, तेव्हा ज्यांनी वेल्डिंगचे यंत्र घेतले त्यांचे बरे चालले आहे. पण ते यंत्र बहुतेकांनी स्वतःच्या कर्जाने घेतले आणि शिक्षक कोणी घरी आला नाही.

बिअरघरांचे म्हणाल, तर उरलेल्यांपैकी बहुतेकांनी इ. स. १९५० ते १९७० च्या दरम्यान पूर्ण परवाना घेतला आणि ती साधी पानगृहे झाली. परवाने देण्याचे काम इ. स. २००५ मध्ये मॅजिस्ट्रेटांकडून काढून स्थानिक परिषदांकडे गेले. खेड्यातील पुष्कळ पानगृहेही आता बंद पडत आहेत. कंब्रिया परगण्यातील हेस्केट न्यूमार्केट ह्या खेड्यातील लोकांनी मात्र इ. स. २००३ मध्ये सहकारी संस्था काढून आपले पानगृह स्वतःच विकत घेतले. सहकार हा शब्द साखर कारखान्यापुरताच आहे असे समजणाऱ्या आपणांस हे ऐकून मौज वाटेल.

देव्हन परगण्यात समुद्राजवळ ब्रँसकोंब नावाचे लांबट खेडे आहे. मुलगी आणि जावई मला तेथे घेऊन गेले. गावात ‘फाउंटन हेड’ नावाचे पानगृह आहे. त्याची एक खोली पूर्वी लोहारशाळा होती. भट्टीचा उंच ओटा आणि वर गेलेले धुराडे अद्याप आहे, तुळयांवर नाला आणि अवजारे टांगलेली आहेत. मी माळकरी, म्हणून चहा मागितला. जेथे घणाचे घाव पडत तेथे मंडळी शांतपणे जेवीत होती, आणि भट्टीत शोभेची लाकडे जळत होती. त्याच गावात दुसऱ्या टोकाला एक गवताने शाकारलेली लोहारशाळा आहे. ती नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेच्या मालकीची, आणि चालू. दारात उभा राहिलो. आतून ऐरणीचा आवाज आला तो आपल्याच गावचा होता. एक मोठा घाव, मग ऐरणीवर हातोडा हलकेच दोनदा नाचवावयाचा, मग पुन्हा घाव. आमचे आजोबाही तसेच करीत. ही लकब त्यांना कोणी शिकविली आणि ह्याला कोणी, हे सांगणे कठीण.

इंग्लंडातील एखाद्या लोहाराची हकीकत आज मला सांगता येते, कारण निर्देशिकेत, जनगणनेत, परवान्याच्या वहीत त्याचे नाव आणि गाव लिहिलेले आहे. आपल्या आजोबा-पणजोबांची भट्टी कोठे होती, किती गावांचे काम तिच्याकडे होते, ऐरण कोणी आणली, भाता कोणत्या साली शेवटचा चालला, हे बहुतेक घरांत फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. म्हणून मी कार्यकारिणीच्या संमतीने एक नमुना तयार केला आहे. त्याच्या प्रती चिटणीसांकडे ठेवल्या आहेत. प्रत्येक कुटुंबाने जाताना एक घेऊन जावी. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून तो भरावा आणि दिवाळीपूर्वी मजकडे पाठवावा. पुढील वर्षीच्या अंकात ती माहिती गाववार छापण्याचे संपादकांनी मान्य केले आहे. नावे सुवाच्य अक्षरात लिहावीत, गावाबरोबर तालुकाही लिहावा. आणि ज्यांनी भाता ओढला व नवऱ्यामागे भट्टी चालविली, त्या स्त्रियांची नावे वगळू नयेत. त्यांच्यासाठी नमुन्यात वेगळा रकाना ठेवला आहे.